जुनी व्हॅन घेताय? आधी शेवटच्या सीटवर बसा!

लग्नसराई आणि ऊन या दोन गोष्टी आपल्या वऱ्हाडात जोडीनेच येतात. एप्रिल उजाडला की पत्रिकांचा ढीग पडतो, मुलांना सुट्ट्या लागतात, शेगावचे दर्शन राहिलेले असते आणि लेकीबाळींना माहेरी आणायचे असते. घरात माणसे सात, दाराशी मोटारसायकल एक. एसटीत उभे राहायलाही जागा नाही. हरभऱ्याचे चार पैसे हाती आलेले असले की मग घरात विषय निघतो : एखादी जुनी व्हॅन घेऊन टाकू या का?

विचार चांगला आहे. मात्र आरोग्याच्या सदरात गाडीबाजार कुठून आला, असे वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर सोपे आहे. उन्हाच्या दिवसांत दवाखान्यात येणाऱ्या ज्या रुग्णांना उन्हाने झोडपलेले असते, त्यांत शेतात राबणारे असतात तसेच प्रवासातून उतरलेलेही असतात. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या दुपारी तीन तास बंद व्हॅनमध्ये बसलेले मूल किंवा म्हातारे माणूस हे बांधावर उभ्या असलेल्या माणसाइतकेच, कधी कधी त्याहूनही अधिक, धोक्यात असते. बांधावर निदान वारा असतो.

आपण जुनी गाडी घेताना काय बघतो? इंजिनाचा आवाज, रंग, टायर, किती किलोमीटर चालली आणि भाव. हे सारे बघावेच. पण ही व्हॅन माझ्या घरातल्या सर्वांत नाजूक माणसाला भर दुपारी सुखरूप पोहोचवील का, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. आजचा लेख त्या एका प्रश्नासाठी आहे.

‘एसी तं चालूच होता!’

गेल्या उन्हाळ्यात दुपारी साडेतीनच्या सुमारास एक कुटुंब लग्नाच्या कपड्यांतच दवाखान्यात आले. सत्तरीच्या आजीबाईंना दोघांनी उचलून आणले होते. अंग तव्यासारखे तापलेले, जीभ कोरडी, नाव विचारले तर भलतेच उत्तर. ताप १०४ च्या वर. सोबतच्या सहा वर्षांच्या नातीला वाटेत दोन उलट्या झालेल्या आणि तीही मलूल. गाडी चालवणारा मुलगा आणि शेजारी बसलेले काका मात्र ठणठणीत होते.

“डॉक्टरसाहेब, एसी तं चालूच होता!” मुलगा पुन्हा पुन्हा सांगत होता. आणि तो खरेच सांगत होता. एसी चालू होता, पण त्याचा झोत पुढच्या फळीतून निघून पुढच्या दोघांच्या छातीवर येत होता. तिसऱ्या रांगेत, मागच्या काचेला पाठ टेकून, सामानाच्या पिशव्यांत बसलेल्या आजी-नातीपर्यंत तो पोहोचतच नव्हता. त्यात आजींना रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी सुरू होती, आणि वाटेत लघवीला कुठे थांबायचे या संकोचाने त्यांनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

आम्ही कपडे सैल केले, अंगावर पाणी मारून पंखा लावला, काखेत व जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या, शिरेतून सलाईन सुरू केले आणि त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवले. चौथ्या दिवशी आजी घरी आल्या. ओरल रिहायड्रेशनचे द्रावण घोट घोट पाजल्यावर नात संध्याकाळपर्यंत खेळू लागली. मग मी मुलाला विचारले, व्हॅन घेताना कधी बघितली होती? तो म्हणाला, पंधरा दिवसांपूर्वी सकाळी आठ वाजता, एजंटासोबत. दोघे पुढे बसले आणि गावाबाहेर फेरी मारून आले. मागे कोणी बसलेच नव्हते.

इथे दोष कोणाला द्यायचा नाही. बहुतेक लोक गाडी अशीच बघतात. म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

व्हॅन तापते किती?

उन्हात उभी केलेली मोटार बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ जास्त तापते, हा अनुभव सर्वांचाच आहे. ऊन काचेतून आत येते, सीट आणि समोरची फळी तापते, आणि त्यांची उष्णता बंद काचांमुळे आतच कोंडली जाते. अमेरिकेतील ॲरिझोना हा वाळवंटी प्रांत आपल्यासारखाच उन्हाचा. तेथील टेम्पी शहरात संशोधकांनी लहान मोटारी, मध्यम मोटारी आणि कुटुंबासाठीच्या मिनीव्हॅन उन्हात व सावलीत उभ्या करून मोजमापे घेतली. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. बाहेर ३८ अंशांच्या वर उष्मा असताना उन्हातल्या गाड्यांच्या आतील हवा एका तासात सरासरी ४७ अंशांवर गेली. सीट ५१ अंश, स्टिअरिंग ५३ अंश आणि समोरची फळी तब्बल ६९ अंश! सावलीतल्या गाड्यांतही हवा ३८ अंशांच्या आसपास, तर फळी ४८ अंशांवर होती.

त्या अभ्यासात लहान गाड्या व्हॅनपेक्षा लवकर तापल्या. व्हॅनमध्ये हवा जास्त असल्याने ती थोडी सावकाश तापते. पण याची दुसरी बाजू लक्षात ठेवा. एवढी हवा आणि एवढे पत्रे थंड करायलाही वेळ लागतो. लहान मोटारीला पुरणारा एसी सात माणसांच्या व्हॅनला पुरेलच असे नाही. व्हॅन घेताना सारी मेख इथेच आहे.

काच दोन बोटे उघडी ठेवली म्हणजे झाले, ही समजूतही सोडा. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासात काच थोडी उघडी ठेवल्याने आतील उष्म्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. एकूण वाढीपैकी सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होऊन गेली होती.

दुपारी दोनची परीक्षा

विकणारा तुम्हाला सकाळी बोलावील. तुम्ही मात्र दुपारी दोनला जा. शक्यतो एप्रिल-मे महिन्यातच व्हॅन घ्या. दिवाळीच्या थंडीत सगळेच एसी गार वाटतात. सोबत विश्वासातला मिस्त्री, घरातले चार-पाच जण आणि भिंतीवर टांगतात तसला साधा तापमापक न्या. (ताप बघायचा थर्मामीटर नव्हे. तो अशा उष्म्यात फुटेल आणि पारा सांडेल.) मग पुढील क्रमाने परीक्षा घ्या.

१) व्हॅन तासभर उन्हात, काचा बंद करून उभी ठेवायला सांगा. विकणाऱ्याने सावलीतून काढून गार करून ठेवलेली गाडी बघू नका.

२) दारे उघडून दोन मिनिटे कोंडलेली हवा जाऊ द्या. मग सगळ्यांना बसवा. तुम्ही स्वतः शेवटच्या रांगेत बसा. तापमापक तिथेच, डोक्याच्या उंचीवर, ऊन लागणार नाही असा टांगा.

३) एसी पूर्ण लावून वीस मिनिटे रस्त्याने चला. त्यात दहा मिनिटे गर्दीच्या बाजारातून सावकाश जा. उभ्या-उभ्या एसी गार देतो का ते तिथेच कळते. पुष्कळ जुने एसी पळत्या गाडीत बरे चालतात आणि चौकात थांबले की गरम वारा सोडतात.

४) वीस मिनिटांनी मागचा पारा वाचा. माझा ठोकताळा असा : शेवटच्या सीटवर पारा तिशीच्या आसपास उतरला असेल तर एसी समाधानकारक. पस्तिशीच्या वर अडकून बसला असेल, तर त्या व्हॅनला बिनएसीची समजूनच भाव करा.

५) त्याच वेळी इंजिनाच्या उष्णतेचा काटा बघा. एसी लावल्यावर काटा वर चढत असेल तर रेडिएटर, पंखा किंवा पाण्याचा पंप दमलेला आहे. रेडिएटरमध्ये गंजलेले लाल पाणी दिसले तर तेच समजा. मात्र गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. उसळलेल्या पाण्याने तोंड आणि हात भाजलेले रुग्ण दर उन्हाळ्यात येतात.

“थोडा गॅस कमी झालाय, भरला की होईल बर्फासारखा,” हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती शोधून दुरुस्त करून द्या, मग सौदा करू, असे शांतपणे सांगा.

मागच्या रांगेपर्यंत हवा कशी जाते हेही बघा. २००१ साली आलेल्या व्हर्सा या व्हॅनच्या वरच्या प्रकारात पुढे व मागे असे दोन एसी होते, आणि त्या काळी तिची तीच मोठी ओळख होती. २०१२ साली आलेल्या अर्टिगाच्या काही प्रकारांत मधल्या रांगेसाठी छताला झरोके आहेत. २०१० पासूनच्या इकोमध्ये झोत पुढच्या फळीतून येतो. एकाच नावाच्या गाडीचे प्रकार वेगवेगळे असतात, म्हणून नावावर जाऊ नका. छताला झरोका आहे का, त्यातून वारा येतो का, हे हात लावून बघा. मागच्या रांगेची काच उघडते का, तेही बघा. एसी बंद पडला तर तोच शेवटचा आधार असतो, आणि पुष्कळ व्हॅनमध्ये ती काच कायमची पक्की बसवलेली असते.

सीटखालचे इंजिन आणि मुका विषारी वायू

आपल्याकडे व्हॅन म्हटले की ओम्नी डोळ्यांपुढे येते. १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून ती आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे बाजारातली सर्वांत नवी ओम्नीही आता वयस्करच. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, इकोचेही तसेच. त्यामुळे दोन गोष्टी होतात. एक, इंजिनाची उष्णता थेट बसणाऱ्याच्या अंगाखाली येते. सीट उचलून खालचे उष्णतारोधक अस्तर शाबूत आहे का ते बघा. अर्धा तास गाडी चालवल्यावर सीटवर तळहात ठेवता येत नसेल तर ते अस्तर बदलावे लागेल.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. इंजिनाच्या झाकणाचे रबर झिजलेले असेल आणि धुराची नळी किंवा सायलेन्सर कुठे फुटला असेल, तर धूर आत शिरतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे, झोप आल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे. आपण म्हणतो, ‘गाडी लागली’ किंवा ‘ऊन लागले’. एकाच गाडीतल्या तिघाचौघांचे डोके एकदम दुखू लागले आणि खाली उतरून मोकळ्या हवेत बरे वाटले, तर आधी सायलेन्सर तपासा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या विषबाधेत तो आकडा चांगलाच दाखवतो आणि फसवतो.

म्हणून व्हॅन घेण्यापूर्वी तिला खड्ड्यावर किंवा रॅम्पवर चढवून धुराची नळी पुढून मागेपर्यंत मिस्त्रीला दाखवा. काळ्या काजळीचे डाग जिथे दिसतील तिथे गळती आहे. मागचे दार उघडे ठेवून सामान वाहणे टाळा, कारण धूर उलटा आत ओढला जातो. बंद शेडमध्ये एसी लावून इंजिन चालू ठेवून झोपणे तर जिवावरचा खेळ आहे.

गॅसवरची व्हॅन

पुष्कळ जुन्या व्हॅन गॅसवर चालतात. गॅसकिट आरसी पुस्तकात नोंदलेले नसेल तर ती गाडी नकोच. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी व्हावी लागते. तिचा दाखला मागा आणि टाकीवरचा क्रमांक पडताळा. घरगुती सिलिंडर जोडून चालवलेली व्हॅन तर पेटत्या चुलीवर बसण्यासारखी आहे. कारण समजून घ्या. एलपीजी उन्हाने फुगतो, म्हणून गाडीच्या अधिकृत टाकीत तो ८० टक्क्यांपर्यंतच भरतात आणि तशी सोय झडपेतच असते. घरगुती सिलिंडरमधून चोरून भरलेल्या टाकीला असा धरबंध राहत नाही. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर तो व्हॅनच्या तळाशी साचतो, आणि तिथे खाली लेकरे बसलेली असतात. गॅसचा वास आला तर कुठलेही बटण न दाबता सगळ्यांना खाली उतरवा.

कुबट वास, ओल आणि दमा

एसी लावल्याबरोबर ओल्या फडक्यासारखा वास आला तर आत बुरशी धरली आहे. घरात दम्याचे, सर्दीचे किंवा अंगावर पित्त उठण्याचे कोणी असेल तर हा वास क्षुल्लक समजू नका. एसीची आतली जाळी धुऊन आणि हवेची गाळणी असल्यास ती बदलूनच गाडी ताब्यात घ्या. वासाच्या बाटल्या आणि अत्तरे लावून कुबटपणा झाकलेली गाडी दुप्पट संशयाने बघा.

पुरात बुडालेल्या गाड्या दूरच्या जिल्ह्यांत नेऊन विकल्या जातात, हेही ध्यानात असू द्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले होते. अशी गाडी ओळखायला सोपी युक्ती आहे. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. टोकाकडे मातीचा डाग असेल तर पाणी तिथपर्यंत चढले होते. पायाखालचे मॅट उचलून गंज बघा. बुडालेल्या व्हॅनमधली ओल आणि बुरशी सहजासहजी जात नाही.

पूर्वी रुग्णवाहिका म्हणून किंवा शाळेच्या मुलांची ने-आण करायला वापरलेली व्हॅनही रंग देऊन विकतात. आरसीवर आधीचा प्रकार बघा. घ्यायलाच हवी असेल तर सीटची अस्तरे व स्पंज नवा घाला आणि आतून नीट निर्जंतुक करून घ्या.

टायर आणि पट्टे

आपल्याकडचे रस्ते आता लांब आणि सरळ झाले आहेत. वाशीम-बुलढाण्यातून जाणारा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, आणि ५ जून २०२५ पासून तो संपूर्ण खुला आहे. तापलेल्या सिमेंटवर तासन्‌तास वेगाने धावताना जुना टायर फुटण्याचा धोका असतो. टायरची नक्षी चांगली दिसली म्हणून तो तरुण ठरत नाही. टायरच्या बाजूवर एक चार आकडी संख्या असते. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षांहून जुने टायर उन्हाळ्याच्या लांब प्रवासाआधी बदला. जादा टायरही तपासा. हवा सकाळी, टायर थंड असताना, दारावरच्या पट्टीत दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. हवा कमी असली की टायर जास्त वाकतो आणि जास्त तापतो. मात्र दुपारी तापलेल्या टायरमधली हवा ‘जास्त झाली’ म्हणून सोडू नका.

पट्टे प्रत्येक सीटला आहेत का आणि ते अडकतात का, हे एकेक करून बघा. जुन्या व्हॅनमध्ये मागे आडवे बाक टाकून आठ-दहा माणसे बसवायची सोय केलेली असते. त्या बाकांना पट्टा नसतो आणि धक्का बसला की माणसे एकमेकांवर आदळतात. असे बाक काढून टाका. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालकापुढे हवेची पिशवी, पट्ट्याची आठवण करून देणारी घंटी आणि मागे घेताना इशारा देणारी यंत्रणा बंधनकारक झाली. पैसे थोडे जास्त गेले तरी त्यानंतरची गाडी मिळाली तर उत्तम. कडक उन्हात पट्ट्याची धातूची कडी लेकराची कातडी पोळते. ती आधी स्वतःच्या हाताने बघून मगच अडकवा. रेक्झिनच्या सीटवर सुती खोळ घाला. रंग शक्यतो पांढरा घ्या.

काचांवर काळी फिल्म चढवून ऊन अडवण्याचा मोह होतो. नियमाप्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश गेलाच पाहिजे. गाडी उभी असताना पुढच्या काचेआड पांढरा पुठ्ठा लावणे हा त्याहून स्वस्त आणि निर्धोक उपाय आहे.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात एवढेच : नमुना २९ व ३० भरून आरटीओत नाव लावून घ्या, बँकेचा बोजा उतरल्याची खात्री करा आणि विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या.

व्हॅन दारात आल्यावर

पहिला नियम घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ करून घ्या : लहान मुलाला बंद गाडीत एक मिनिटही एकटे ठेवायचे नाही. ‘आत्ता आलो’ म्हणून दुकानात गेलेल्याला ओळखीचा माणूस भेटतो आणि पंधरा मिनिटे जातात. मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापते. टेम्पीच्या त्याच अभ्यासात संशोधकांनी गणित मांडले होते, की दोन वर्षांच्या मुलाच्या शरीराचे तापमान उन्हातल्या गाडीत साधारण तासाभरात आणि सावलीतल्या गाडीत दोन तासांच्या थोडे पुढे धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते.

दुसरा नियम : उभी गाडी नेहमी कुलूपबंद आणि किल्ली मुलांच्या हाताबाहेर. जून २०२३ मध्ये नागपुरात घराजवळच उभ्या असलेल्या मोटारीत तीन चिमुकली मुले मृतावस्थेत सापडली होती. आदल्या दिवशी ती खेळायला म्हणून बाहेर पडली होती. उभी व्हॅन मुलांना खेळघर वाटते. मूल दिसेनासे झाले तर विहीर आणि टाके बघता तसे आधी गाडीत बघा. सरकते दार आतून उघडते का, हे घेतानाच तपासा आणि ते कसे उघडायचे व हॉर्न कसा वाजवायचा, हे मुलांना शिकवून ठेवा.

तिसरा नियम औषधांचा. इन्सुलिन, दम्याचे फवारे, हृदयविकाराच्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्या पुढच्या फळीवर किंवा कप्प्यात ठेवू नका. सत्तर अंशांत इन्सुलिनचे पाणी होते, आणि ऐनवेळी त्या औषधाचा उपयोग होत नाही. फवाऱ्याची डबी, काडीपेटी, लायटर, सॅनिटायझरची बाटली हेही उन्हातल्या गाडीत नको.

प्रवासात म्हाताऱ्यांना आणि मुलांना शेवटच्या रांगेत लोटू नका. त्यांना एसीच्या झोताजवळ बसवा आणि तरुणांनी मागे बसावे. तहान लागण्याची वाट न बघता अर्ध्या-अर्ध्या तासाने पाणी, ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचे सरबत द्या. आईला, आजीला लघवीसाठी थांबायला संकोच वाटू नये म्हणून तुम्हीच ठरवून दीड-दोन तासांनी गाडी थांबवा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा मानसिक आजाराची औषधे घेणाऱ्यांनी उन्हाळ्यातल्या प्रवासापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आतलीच हवा फिरवणारे बटण सतत चालू ठेवू नका. सात माणसांच्या श्वासाने हवा जड होते आणि चालकाला गुंगी येते. अधूनमधून बाहेरची हवा आत घ्या.

उष्माघात कसा ओळखावा?

डोके जड होणे, पायात गोळे, मळमळ, भरपूर घाम आणि थकवा ही पहिली पायरी. सावलीत आणून पाणी पाजले की माणूस सावरतो. पण बडबड, गोंधळ, झटके किंवा बेशुद्धी आली आणि अंग चटका बसावा असे तापले (ताप १०४ किंवा वर), तर तो उष्माघात. घाम थांबलेला असेलच असे नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत थांबून राहू नका. कपडे काढा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत बर्फ किंवा गार ओले फडके ठेवा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

एखाद्याला एसीची व्हॅन परवडत नसेल तर तेही समजण्यासारखे आहे. मग बिनएसीची व्हॅन तिच्या मर्यादा ओळखून वापरा. पहाटे चारला निघा, दहाच्या आत पोहोचा, चार तास मांडवात विसावा घ्या आणि ऊन उतरल्यावर परत या. आपले वाडवडील बैलगाडीने असाच प्रवास करीत होते.

बाकी भाव, रंग, किलोमीटर यांची घासाघीस जरूर करा. फक्त सौद्याची रक्कम हातावर ठेवण्यापूर्वी एकदा, दुपारी दोन वाजता, त्या व्हॅनच्या शेवटच्या सीटवर वीस मिनिटे बसा. तुम्हाला तिथे बसवले नाही, तर घरच्या म्हातारीलाही तिथे बसवू नका.

(पुढील आठवड्यात : उन्हाळ्यातील लघवीची जळजळ)